आर्गोसच्या आखातात मुक्काम कुठे

१४ जानेवारी

हे मराठीत लिहिते आहे ते माझ्या मुलीने, इफराने, वाचू नये म्हणून. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं येतात, पण माझं घाईचं अक्षर आणि त्यातून मराठी, एवढी मेहनत ती घेणार नाही.

इफराचे अब्बा गेले त्याला दीड महिना होत आला. कंपनीच्या पुरवठा बोटीवर इंजीनखोलीत काम करताना छातीत कळ आली. बोट सौदीतल्या या खफजीच्या धक्क्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. दफन इथेच झालं. इथे बायका कबरस्तानात जात नाहीत आणि कबरीवर नावही लिहीत नाहीत. त्यामुळे ते नेमके कुठे आहेत हे मला सांगता येणार नाही.

मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, रंगीत कपडे नाहीत, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मला त्याचा जाच वाटत नाही. फार बोलायची सवय आधीही नव्हती.

आज इफराला सांगितलं की इद्दत संपली की मला ग्रीसला जायचं आहे. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "ग्रीस क्यों, अम्मी?" मी म्हटलं, तुझे अब्बा नेहमी म्हणायचे, नोकरी संपली की तुला ग्रीस दाखवतो. हे खरं आहे. पण कारण ते नाही.

१५ जानेवारी

इफरा दवाखान्यातल्या औषधांच्या विभागात ड्यूटीवर गेली आहे. कारण आता लिहिते.

इफरा रांगत होती त्या साली हे मोठ्या जहाजावर होते. जहाज ग्रीसला दुरुस्तीसाठी थांबलं आणि जवळजवळ वर्षभर तिथेच राहिलं. मी श्रीवर्धनला सासरी होते. फोन फारच थोडे आले. ह्यांनी सांगितलं होतं की कंपनीने आम्हाला किनाऱ्यावर एक घर दिलं आहे, खाणंपिणं चांगलं आहे, काळजी करू नको. एका फोनच्या वेळी मागे बाईचा आवाज आला. ती हसत होती आणि ह्यांच्याशी काहीतरी बोलत होती. मी विचारलं, कोण आहे? हे म्हणाले, घरमालकीण. आणि फोन लगेच बंद झाला.

परत आले ते वाळून. त्यानंतर परदेशी जहाजावर गेले नाहीत, सौदीची नोकरी धरली. मी त्या बाईबद्दल पुन्हा विचारलं नाही. आमच्यात असं विचारायची पद्धत नव्हती. पण गेली तेवीस वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे. आता माणूसच नाही, तर विचारायचं कोणाला? म्हणून ती जागा बघायची आहे.

माझा इकामा, इथे राहायचा परवाना, ऑक्टोबरपर्यंत चालेल. मग कायमचं श्रीवर्धन. तिथून मला ग्रीसला कोण नेणार? जायचं तर यंदाच, इफराची रजा आणि इथून मिळणारा व्हिसा असताना.

१९ जानेवारी

अडचण अशी की गावाचं नाव मला माहीत नाही. ह्यांनी कधी सांगितलं नाही. नुसतं म्हणायचे, "आर्गोसच्या आखातात होतो." इफराने फोनवर नकाशा काढून दिला. आखात मोठं आहे. पूर्वेच्या काठावर नाफ्प्लियो आणि त्याच्याखाली टोलो. पश्चिमेच्या काठावर आस्त्रोस, आणि खूप खाली लिओनिदियो. मध्ये लहान लहान गावं आहेत.

इफराला सँटोरिनी हवं होतं. मी नाही म्हटल्यावर तिने तोंड पाडलं, पण वाद घातला नाही. म्हणाली, ठीक आहे, एक गाव पक्कं करू, तिथेच सामान टाकू आणि रोज एकेक जागा बघून परत येऊ. मला हेच हवं होतं. ती याला फिरणं समजते.

मी लग्नाआधी चार वर्षं शाळेत गणित शिकवत होते. त्यामुळे काय माहीत आहे आणि काय काढायचं आहे ते आधी वेगळं करते. ह्यांनी त्या जागेबद्दल जे सांगितलं ते असं:

पाण्यात एक छोटा किल्ला होता. जंजिऱ्याचं पिल्लू म्हणायचे त्याला. मागे गाव, गावामागे उंच डोंगर, डोंगरावर मोठा किल्ला. सकाळी सूर्य त्या मोठ्या किल्ल्यामागून वर यायचा. संध्याकाळी आधी पाण्यालगतचे दिवे लागायचे, मग वरचे. रविवारी घंटा ऐकू यायची.

हे सगळं ते मन लावून सांगायचे. पण गावातलं काही विचारलं की आखडतं घ्यायचे. गल्ल्या कशा होत्या? "असतात तशा." भाजी कुठून आणायचात? "यायची." पाव? "तोही यायचा." पाणीसुद्धा यायचं म्हणे.

घरी बसलेल्या माणसाकडे सगळं येतं म्हणजे कोणीतरी आणून देत असणार.

२७ जानेवारी

दोन किल्ले म्हणजे नाफ्प्लियो. ते चित्रांवरून लगेच कळलं. इफरा खूश झाली, कारण ते गाव सुंदर आहे, अथेन्सहून थेट बस आहे, खाण्यापिण्याची सोय आहे. टोलोला उथळ किनारा आहे आणि ते स्वस्त आहे, पण उन्हाळ्यात तिथे गर्दी. लिओनिदियोला लाल कडे आहेत, लोक दोर लावून चढतात. इफराने विचारलं, "आप चढ़ोगी?" खूप दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

वरच्या मजल्यावरची सरिता आली होती. ती साताऱ्याची. तिचा नवरा पंकज ह्यांच्याच कंपनीत क्रेनवर आहे. मी बाहेर पडत नाही म्हणून दर दोन दिवसांनी ती काहीतरी निमित्त काढून येते. नकाशा बघून म्हणाली, "वहिनी, खरं सांगा, कोणाला शोधायला चाललाय?" थट्टाच होती. पण मी फोन उलटा ठेवला. पंकज ह्यांच्याबरोबर कँटीनमध्ये जेवायचा. त्याने काही ऐकलं असेल आणि तिला सांगितलं असेल तर?

८ फेब्रुवारी

कादिरभाई आले होते. त्या जहाजावर ह्यांच्याबरोबर असलेला हा एकच माणूस मला माहीत आहे. हल्ली रियाधला अल सुलैमध्ये गोदाम सांभाळतात. ह्यांच्या कंपनीतली कामं उरकायला इफराला मदत करतात, त्यासाठी एवढ्या लांबून गाडी चालवत आले.

मी इद्दतीत असल्यामुळे ते पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. मध्ये पडदा. इफरा ये-जा करून दोन्हीकडचं सांगत होती. ते कोकणीत बोलतात, इफराला ती अर्धीच कळते, मग ती हिंदीत विचारते, ते हिंदीत सांगतात, ती मला चार शब्दांत आणून देते. ते बराच वेळ बोलायचे आणि इफरा येऊन म्हणायची, "अम्मी, उन्होंने सलाम बोला है."

इफराने त्यांना ग्रीसचं सांगितलं. मी कान देऊन होते. मला कपाचा आवाज ऐकू आला, बशीत ठेवल्याचा. मग कादिरभाई म्हणाले, तिकडे काय बघायचं आहे, दगड. भाभीला ताइफला ने. थंड हवा आहे, गुलाबांचा हंगाम येतोय, आणि तिथून मक्का जवळ, उमऱ्याची यात्राही होईल.

ताइफ वाईट नाही. उमरा मला करायचा आहेच. पण त्यांनी ते एवढ्या घाईने का सुचवलं?

९ फेब्रुवारी

कादिरभाईंना ती बाई माहीत आहे. याबद्दल मला आता शंका उरली नाही.

२० फेब्रुवारी

इफराने नाफ्प्लियोतल्या खोल्यांचे फोटो दाखवले. प्रत्येक खोलीच्या खिडकीतून पाण्यातला छोटा किल्ला दिसतो, सगळे त्याचेच जास्त पैसे घेतात. पण बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गावातून बघितलं की छोट्या किल्ल्याच्या मागे पलीकडचे डोंगर दिसतात आणि त्यांच्यामागे सूर्य मावळतो. सगळे फोटो मावळतीचे. ह्यांचा सूर्य मात्र किल्ल्यामागून उगवायचा. आणि दोन्ही किल्ले एकापाठी एक दिसायचे.

म्हणजे हे नाफ्प्लियोत राहत नव्हते. समोरच्या, पश्चिमेच्या बाजूला कुठेतरी होते.

एवढी वर्षं ज्या गावाचं वर्णन करून सांगितलं, त्या गावात राहतच नव्हते. गाव समोर दाखवायचं आणि घर भलतीकडे ठेवायचं. हे मला आधी कळायला हवं होतं.

सरिता आली तेव्हा दोन्ही किल्ले एकापाठी एक दिसतील असा फोटो मी शोधत होते. एकच सापडला. ती चष्मा वर करून बघत म्हणाली, "हा पाण्यातनं काढलाय की." मी म्हटलं, पर्यटकांची बोट असेल. तिने खांदे उडवले आणि तिच्या पोराच्या शाळेतल्या बाईंविषयी सांगायला लागली.

४ मार्च

रमजान सुरू झाला. मागच्या वर्षी इफ्तारला हे खजुरातली बी काढून तो माझ्या बशीत ठेवायचे. यावर्षी मीच बिया काढते, आणि त्यांच्या वाटणीचे चार खजूर जास्त होतात.

मुक्काम आता आस्त्रोसला करावा असं मनात आहे. ते पश्चिमेच्या काठावर आहे. तिथून वर मिली आणि किवेरी ही छोटी गावं बघता येतील. अशा लहान गावातच कोणी परदेशी माणसाला घर देऊन ठेवू शकतं. लोकांना दिसत नाही, आणि समोर नाफ्प्लियोचे दिवे आयते.

इफराला सांगितलं. ती म्हणाली की आस्त्रोसहून नाफ्प्लियोला जायचं तर बस बदलावी लागेल, त्या बसही कमी, आपला अर्धा दिवस रस्त्यात जाईल. मग गाडी भाड्याने घे म्हटलं. इथे चालवतेसच ना. ती माझ्याकडे बघत राहिली. "अम्मी, आप चाहती क्या हो?"

अब्बांवर तिचा जीव होता. तिला कशाला सांगायचं?

११ मार्च

इफरा बदलली आहे. काल संध्याकाळी ती जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती. दार पूर्ण लागलेलं नव्हतं. "अंकल, बट व्हाय डिडन्ट ही टेल हर?" एवढं मी ऐकलं. मग खाली गेली.

आत आली तेव्हा डोळे लाल. म्हणे, दवाखान्यात एका बाळाची तब्येत फार वाईट आहे. औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीला बाळ कुठून भेटलं?

जेवताना स्वतःच म्हणाली की नाफ्प्लियो नको आणि आस्त्रोसही नको. सरळ लिओनिदियोला राहू. शांत आहे, लाल डोंगर आहेत, जुनी घरं आहेत, तिथले लोक चांगले असं वाचलं आहे तिने. किल्ले तिथून दिसत नाहीत. ते तिने सांगितलं नाही, पण नकाशा मलाही वाचता येतो.

म्हणजे आता लपवणारे दोघं झाले.

१७ मार्च

आज मी इफराला विचारलं की कादिरअंकलशी तुझं काय बोलणं झालं. ती म्हणाली, कंपनीच्या कामाचं. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही असं तू समजू नकोस. ती रडायला लागली आणि म्हणाली, "ही वॉज अ गुड मॅन, अम्मी. बस. लीव्ह इट ना."

चांगला माणूस होता हे सांगायची वेळ कधी येते, ते मला कळतं.

तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी भांडी घासत राहिले.

२४ मार्च

आज दुपारभर नकाशा घेऊन बसले. आतापर्यंत मी किनाऱ्यावरची घरं शोधत होते. आज उलट केलं. ह्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून जागा काढली. दोन्ही किल्ले एका रेषेत हवेत. तशी रेघ ओढली तर ती पश्चिमेकडे पाण्यातून जाते. दुसरी गोष्ट, छोट्या किल्ल्याच्या भिंतीवर बसलेले पक्षी दिसायचे, हे त्यांनी इफराला कितीदा सांगितलं आहे. एक लंगडा होता, त्याला त्यांनी नावही ठेवलं होतं. म्हणजे जागा किल्ल्यापासून फार लांब असून चालणार नाही. पलीकडचा काठ तर कितीतरी दूर आहे. तिथून किल्लाच नखाएवढा दिसेल, पक्षी कुठले?

रेघेवर, किल्ल्याच्या जवळ, खूण केली. तिथे गाव नाही, घर नाही, बेटसुद्धा नाही. नकाशावर त्या जागी नुसतं निळं आहे.

हिशेब तीनदा तपासला. बरोबर आहे. म्हणजे सांगणारा खोटं सांगत होता. पक्षी खोटा, सूर्य खोटा, सगळं कुठल्यातरी चित्रावरून रचून सांगितलेलं. बावीस-तेवीस वर्षं रचून सांगायला माणसाला काहीतरी मोठंच लपवायचं असणार.

रोजा सुटल्यावर माझ्याने काही खाववलं नाही. इफराला सांगितलं, पोट बिघडलं आहे.

१ एप्रिल

काल ईदचा दुसरा दिवस. कादिरभाई शीरखुर्म्याला आले, एकटेच. मी पडद्याआड. इफरा मध्ये.

आधी इकडचं तिकडचं झालं. मग मी इफराला म्हटलं, अंकलना विचार की जहाज दुरुस्तीला होतं तेव्हा तुम्ही दोघं कुठल्या गावात राहत होतात. इफरा हलेना. मी म्हटलं, विचार. ती गेली. कादिरभाई बोलायला लागले, हळू, आणि थांबेचनात. मला शब्द नीट ऐकू येत नव्हते. इफरा परत आली आणि म्हणाली, "उनको ठीक से याद नहीं है."

आजवर मी कधी केलं नव्हतं ते केलं. पडद्याजवळ गेले आणि माझ्याच आवाजात विचारलं, "कादिरभाई, ती बाई कोण?"

इफरा म्हणाली, अम्मी, प्लीज. कादिरभाईंनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "भाभी, कुठली बाई?"

"फोनवर मागे हसणारी. घरमालकीण."

"घर नव्हतं, भाभी. मग मालकीण कुठली?"

मग ते सांगत गेले आणि मी उभ्यानेच ऐकत राहिले. इथे त्यांच्या शब्दांत लिहायला जमणार नाही. जहाज दुरुस्तीला नव्हतंच. मालक बुडाला आणि गायब झाला. जहाज गावासमोर नांगर टाकून उभं राहिलं. पगार बंद, डिझेल संपलं, दिवे गेले. खलाशांकडे ग्रीसमध्ये उतरायचा व्हिसा नव्हता, आणि जहाज सोडलं तर पगारावरचा हक्कही जाणार असं त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे कोणीच उतरलं नाही. नांगरावर एक हिवाळा गेला आणि एक उन्हाळा. पावसाचं पाणी ताडपत्रीत धरायचे. मासे पकडायचे. गाव एवढं समोर की बंदरावर कोणी कुत्र्याला हाक मारली तरी ऐकू यायची.

एक म्हातारं जोडपं होतं, मासेमारीची छोटी होडी असलेलं. ते यायचे. खालून बाई ओरडायची, वरून हे लोक दोराला टोपली बांधून सोडायचे. त्यात ती पाव, टोमॅटो, पाण्याचे कॅन घालायची. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिला त्याचा अर्थ कधी कळला नाही. डुक्कर नको हे तिला खुणांनी कसं समजावलं, ते सांगताना कादिरभाई स्वतःच हसले. तुमच्या नवऱ्यानेच करून दाखवलं, म्हणाले, हातापायांवर उभं राहून. खाला होडीत पोट धरून हसायला लागली.

"तेव्हा तिने त्याला फोन दिला, भाभी. टोपलीतून वर पाठवला आपला मोबाईल. म्हणाली, घरी बोल. ती अजून हसतच होती. तेच तुम्ही ऐकलंत."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

कादिरभाई म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांच्या दारातून कधी कोणी उपाशी गेला आहे? त्या घरचा मुलगा दोर सोडून जेवण मागत होता. आल्यावर त्याने माझ्याकडून वचन घेतलं की श्रीवर्धनला यातलं काही कळता कामा नये. आम्हाला लाँचने दुसऱ्याच बंदरात नेऊन तिथून घरी पाठवलं. त्या गावात आम्ही पाय टाकला नाही. ना त्याने, ना मी."

मी त्यांना शीरखुर्मा आणखी हवा का विचारलं. ते हो म्हणाले. इफराकडून पाठवला.

२ एप्रिल

इफरा विचारते, बरी आहेस ना. आहे.

कादिरभाई हे सगळं कशावरून खरं सांगत असतील, असं आज सकाळी एकदा मनात आलं. मैत्रीखातर माणूस रचूनही सांगतो. मग खूण आठवली. निळ्यावरची. ती मी स्वतः काढली होती, कादिरभाईंनी नाही.

बंदरावरच्या घरात जन्मले, बंदरावरच्या घरात दिली. सगळा जन्म घरातून समुद्राकडे बघितलं. समुद्रात बसून कोणी गावाकडे बघत असेल, हे डोक्यात आलंच नाही.

६ एप्रिल

हे दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ ग्रीसला. पुढच्या वर्षी मी आठवण करून दिली की काहीतरी निघायचं. कधी रजा नाही, कधी गुडघा. मला वाटायचं, तिथे नेलं तर ती बाई समोर येईल म्हणून टाळतात.

आज सारखं एकच डोळ्यांसमोर येत आहे. समजा नेलं असतं. बसमधून उतरलो असतो. मी विचारलं असतं, तुमचं घर कुठल्या बाजूला? आणि ह्यांना डावीकडे वळायचं की उजवीकडे तेही माहीत नसतं. सगळं गाव तोंडपाठ, पण एकाही गल्लीत पाय नाही. माझ्यासमोर तिथे उभं राहायला लागलं असतं. म्हणून पुढच्या वर्षी.

मी खूप रडले. इद्दतीत पहिल्यांदा. आवाज वर गेला असावा, कारण सरिता धावत आली आणि काही न विचारता बसून राहिली. तिला सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मग म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, पाण्यातनं काढलाय."

८ एप्रिल

इफराने माफी मागितली. अब्बांचं नाव छोटं होऊ नये म्हणून लपवलं म्हणाली. आणि तुला लिओनिदियोला न्यायचं होतं, कारण तिथून ते पाणी दिसत नाही. मी म्हटलं, तू आणि तुझे अब्बा सारखेच.

मग तिने विचारलं की आता जायचं आहे का. अब्बा त्या गावात कधी गेलेच नाहीत. बघायचं काय?

मी उद्या सांगते म्हटलं. उत्तर तयार होतं.

१२ एप्रिल

काल इद्दत संपली. आज इफराबरोबर खाली उतरून समुद्रकाठच्या रस्त्यापर्यंत, कॉर्निशपर्यंत, चालत गेले. ऊन लागलं. पाय दुखले. कुवेतच्या बाजूला एक जहाज उभं होतं, मी त्याच्याकडे जास्त वेळ बघितलं नाही.

घरी येऊन मुक्काम पक्का केला. नाफ्प्लियो. आस्त्रोस नाही, टोलो नाही. सात दिवस एकाच गावात. इफराने विचारलं, आणि बाकीच्या जागा? मिकिनी, एपिदाव्रोस, ते जुनं नाट्यगृह? मी म्हटलं, तू जा. बस आहे. मी गावात फिरेन.

तिने समुद्राच्या बाजूच्या चार खोल्या काढल्या होत्या. मी म्हटलं, आतल्या बाजूची बघ. ती म्हणाली, अम्मी, आतल्या बाजूला गल्ली आहे फक्त. हो, म्हटलं, तीच.

शोधून शोधून एक मिळाली. इफराने तिथे राहून गेलेल्या लोकांच्या तक्रारी मला वाचून दाखवल्या, मी मन बदलेन म्हणून. खिडकीतून समुद्राचा एक थेंबही दिसत नाही. खाली पावाची भट्टी आहे, पहाटेपासून खडखडाट. भाजीवाला ओरडतो. समोरच्या घरातल्या बायका खिडकीतून खिडकीत बोलतात, दुपारी झोप लागत नाही. मुलं जिन्यात खेळतात.

"और भी लिखा है. पढ़ूँ?"

मी म्हटलं, वाच, सगळं वाच. तिने वाचून संपवलं आणि मी ती खोली घ्यायला सांगितली.